नाताळच्या झाडावरची मुलांची कारागिरी

नाताळच्या झाडावर लहान मुलांनी केलेल्या वस्तू टांगण्याची पद्धत अमेरिकेत आता इतकी रुळली आहे की ती झाडाइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडची आहे. आइस्क्रीमच्या काड्यांची चांदणी, मिठाच्या पिठावर उमटवलेला तळहात, डिंक लावून चमकी भुरभुरलेली पुठ्ठ्याची घंटा या वस्तूंना झाडावर मानाची जागा मिळाली ती कारखान्यातली सजावट स्वस्त झाल्यानंतर आणि झाडावरच्या मेणबत्त्या विझल्यानंतर. त्याआधी मुलांचे हात या कामात नव्हते असे नाही. पण ते एक तर खाऊ ओवत होते, नाही तर मजुरी करत होते. हा बदल कसा घडला हे पाहायला न्यू जर्सीतले आयसेलिन चांगले ठिकाण आहे, कारण त्यातले बरेचसे टप्पे या गावाच्या आसपासच पार पडले.

आयसेलिन हे मिडलसेक्स काउंटीतल्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडते. त्याला स्वतःची नगरपालिका नाही. वसाहतकाळात या वस्तीला पेरीटाउन म्हणत. आजचे नाव न्यू यॉर्कचे सावकार एड्रियन आयसेलिन यांच्यावरून पडले. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या १८,६९५ होती आणि त्यांतले जवळजवळ निम्मे लोक आशियाई, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाचे होते. गावातून जाणारा ओक ट्री रोड साड्या, सोने, मिठाई आणि किराणा यांच्या दुकानांसाठी अमेरिकाभर ओळखला जातो. हा रस्ता पुढे शेजारच्या एडिसन टाउनशिपमध्ये शिरतो. त्या टाउनशिपचे नाव १९५४पर्यंत रॅरिटन होते. ते बदलले, कारण टॉमस एडिसनची मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळा तिच्याच हद्दीत होती. आयसेलिनमधले आजचे मेट्रोपार्क रेल्वे स्थानक १९७१ साली सुरू झाले. तिथून प्रयोगशाळेची जागा पायी जाण्याइतकी जवळ आहे.

झाड सजवण्याची चाल जर्मन भाषक प्रदेशातली. १६०५ सालच्या एका नोंदीत स्ट्रासबुर्गचे लोक घरातल्या दालनात फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पातळ बिस्किटे, बेगड आणि मिठाई टांगतात, असे वर्णन आहे. सफरचंदांचे कारण धार्मिक होते. २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस मानत. त्या दिवशी होणाऱ्या धर्मनाट्यात नंदनवनातला वृक्ष म्हणून फळे लावलेले सदाहरित झाड रंगमंचावर आणत. पुढे तेच झाड घरात आले. बाकी जे टांगले जाई ते बहुतेक खाण्याचे होते, आणि सण संपला की झाड हलवून ते पाडणे हा मुलांचा हक्क होता. झाड सजवण्याचा मात्र नव्हता. सजावट वडीलधारी मंडळी बंद दाराआड करत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घंटा वाजे, दार उघडे आणि मेणबत्त्यांनी पेटलेले झाड मुलांना एकदम दिसे. आज पालक आणि मुले डिसेंबरच्या सुरुवातीपासून झाडाभोवती बसून कातरकाम करतात. त्या काळच्या जर्मन घरांत ते कुणाला पटले नसते.

अमेरिकेत झाड आले ते जर्मन स्थलांतरितांबरोबर, पण ते सर्वांचे झाले राणी व्हिक्टोरियामुळे. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राजघराण्याच्या झाडाचे चित्र छापले. १८५०मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ने तेच चित्र राणीचा मुकुट आणि प्रिन्स आल्बर्टच्या मिशा पुसून छापले, म्हणजे ते कुठल्याही अमेरिकन घराचे वाटावे. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत स्त्रियांच्या मासिकांतून कागदी शंकू, जाळीच्या मिठाईच्या पिशव्या, सोनेरी वर्ख लावलेले अक्रोड यांच्या कृती छापून येऊ लागल्या. मुलांच्या वाट्याला यातले एकच काम हमखास येई, ते माळा ओवण्याचे. लाह्या, म्हणजे मक्याचे पॉपकॉर्न, आणि क्रॅनबेरी एकाआड एक दोऱ्यात ओवत. क्रॅनबेरी करवंदाएवढी, लाल आणि तोंड आंबवणारी. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्स या रेताड-दलदली भागात तिचे मोठे पीक निघते, त्यामुळे या राज्यात ती घरोघर असे. लाही ताजी असली तर सुईने फुटते, एक दिवस शिळी झाली की नीट ओवली जाते. हे ज्ञान आजही कामाला येते. सण झाला की माळ अंगणातल्या झाडावर पाखरांसाठी टाकत.

वुडब्रिजच्या परिसरात चिनीमाती आणि भाजक्या विटांची माती विपुल होती. त्या खाणींत आणि भट्ट्यांत काम करायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरियन, पोलिश आणि डॅनिश लोक आले. हंगेरियन घरांत झालरीच्या कागदात गुंडाळलेली ‘सालोनसुकोर’ नावाची मिठाई झाडाला बांधतात. शेजारच्या पर्थ अँबॉयमध्ये डॅनिश वस्ती होती, आणि डॅनिश लोकांची खूण म्हणजे दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत विणून केलेले हृदय. त्याचा सर्वांत जुना ज्ञात नमुना हान्स ख्रिश्चन अँडरसनने केलेला मानतात. महाराष्ट्रातल्या बालवाडीत घोटीव कागदाच्या पट्ट्यांची चटई विणलेल्या कुणालाही हे हृदय पहिल्याच प्रयत्नात जमते. फरक इतकाच की इथे पट्टी दुसऱ्या पट्टीच्या वरून-खालून न जाता तिच्या घडीच्या आतून आणि बाहेरून जाते, त्यामुळे शेवटी ते पाकिटासारखे उघडते आणि त्यात खाऊ ठेवता येतो.

काचेच्या गोळ्यांची कथा वेगळी आणि जरा कडू आहे. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रदेशातले लाउशा हे गाव १५९७ साली काचभट्टीभोवतीच वसले. तिथल्या एका काचकामगाराच्या वहीत १८४८ साली नाताळच्या गोळ्यांची सहा डझनांची मागणी नोंदलेली आहे. १८६७मध्ये गावात गॅस आला, ज्योत काबूत आली आणि मोठे, पातळ गोळे फुंकणे सोपे झाले. आतून चांदीचा मुलामा देण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याच्या संशोधनातून निघालेली सिल्व्हर नायट्रेटची पद्धत वापरू लागले. काम घराघरात चाले. बाप फुंकी, आई मुलामा देई आणि रंगवी, मुले गोळ्यांच्या माना कापत, टोप्या बसवत, डब्यांत भरत. नाताळच्या आधीचे महिने हे काम रात्री उशिरापर्यंत चाले. जगातली पहिली घाऊक नाताळ-सजावट लहान मुलांच्या हातांतून गेली ती अशी. तिला खेळ म्हणता येणार नाही.

हे गोळे अमेरिकेत पोचवले फ्रँक विनफिल्ड वुलवर्थने. १८८०मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या आपल्या दुकानासाठी त्याने एका आयातदाराकडून जेमतेम २५ डॉलरचा माल नाखुषीने घेतला, आणि तो दोन दिवसांत संपला. पुढे तो स्वतः लाउशाला जाऊन आला. पाच-दहा सेंटांच्या त्याच्या दुकानांतून काचेचा गोळा कामगारांच्या घरांपर्यंत पोचला. आता झाडावर काहीतरी चकाकते हवे म्हणून घरी बसून वर्ख लावायची गरज उरली नाही.

पण कागद आणि मुले या दोघांनाही झाडापासून दूर ठेवणारी एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे आग. झाडावरच्या मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवत. शेजारी पाण्याची बादली ठेवत, आणि पोरांना हात लावू देत नसत. वाळलेल्या फरच्या सुया, कापसाचा बर्फ आणि कागदाची फुले यांच्यामध्ये उघडी ज्योत म्हणजे काय, हे सांगायला नको. यावर तोडगा निघाला तो मेन्लो पार्कमध्ये. एडिसन तिथे १८७६ साली आला. १८७९च्या शेवटच्या रात्री त्याने आपला तापदीप लोकांना दाखवला, आणि तो पाहायला पेनसिल्व्हेनिया रेलरोडने जादा गाड्या सोडल्या. १८८०च्या नाताळात त्याने प्रयोगशाळेभोवती दिव्यांच्या तारा बांधल्या आणि जाणाऱ्या गाड्यांतले प्रवासी ते पाहत, असे सांगतात. झाडावर विजेचे दिवे प्रथम लावले ते त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने, २२ डिसेंबर १८८२ रोजी, न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरी. अक्रोडाएवढे ८० दिवे होते, लाल, पांढरे आणि निळे, आणि झाड विजेवर गोल फिरत होते. स्थानिक वर्तमानपत्रांनी तो जाहिरातीचा खेळ समजून दुर्लक्ष केले. सविस्तर बातमी डेट्रॉइटच्या एका वार्ताहराने दिली.

जाहिरात तर ती होतीच. न्यू यॉर्कमधले एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र त्याच सप्टेंबरात सुरू झाले होते. तरी सामान्य घरात हे दिवे यायला चाळीसेक वर्षे गेली. सुरुवातीला प्रत्येक दिवा तारतंत्र्याकडून जोडून घ्यावा लागे. १८९५मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँडने, जो न्यू जर्सीच्याच कॉल्डवेल गावचा, व्हाइट हाउसमधल्या झाडावर विजेचे दिवे लावले. १९०३च्या सुमारास तयार माळा विकायला आल्या. त्यांची किंमत १२ डॉलरच्या घरात, म्हणजे साध्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीइतकी होती. १९२०च्या दशकात माळा स्वस्त झाल्या आणि मेणबत्त्या मागे पडत गेल्या. कागदी साखळी झाडावर निर्धास्त टांगता येऊ लागली ती तेव्हापासून. एडिसनच्या चरित्रांतून त्याच्या शोधाचे अनेक परिणाम मोजलेले असतात. चार वर्षांच्या मुलाने चिकटवलेली कागदाची साखळी त्या यादीत सहसा नसते, पण ती असायला हरकत नाही.

झाड मिळण्याची सोयही याच राज्यात झाली. रानातून तोडून आणायच्या ऐवजी मुद्दाम लागवड केलेले नाताळचे झाड १९०१मध्ये ट्रेंटनजवळ डब्ल्यू. व्ही. मॅकगॅलियार्ड या शेतकऱ्याच्या शेतात आले. त्याने नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपे लावली आणि तयार झाडे डॉलरला एक या भावाने विकली.

दिवा आणि गोळा यांचे नाते पुढे आणखी घट्ट झाले. एडिसनच्या दिव्यांसाठी काच पुरवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने १९२०च्या दशकात दिव्यांचे फुगे फुंकणारे ‘रिबन मशीन’ बनवले. १९३०च्या दशकाच्या शेवटी युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा जर्मनीतून माल येणे बंद होणार हे ओळखून मॅक्स एकार्ट या आयातदाराने कॉर्निंगला दिव्यांऐवजी त्याच यंत्रावर नाताळचे गोळे काढायला राजी केले. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो कारखान्यातून १९३९च्या डिसेंबरात सुमारे २,३५,००० गोळे वुलवर्थच्या दुकानांत गेले. एका माणसाने दिवसभर फुंकून जितके गोळे निघत, तितके हे यंत्र मिनिटभरात काढी. मुलामा आणि रंगकाम एकार्टच्या ‘शायनी ब्राइट’ या कंपनीच्या कारखान्यांत होई, आणि ते होबोकेन, अर्विंग्टन, नॉर्थ बर्गन आणि वेस्ट न्यू यॉर्क या न्यू जर्सीच्या गावांत होते. युद्धकाळात धातू मिळेना, म्हणून गोळे बिनमुलाम्याचे, नुसत्या रंगीत रेघांचे निघू लागले आणि धातूच्या टोपीच्या जागी पुठ्ठ्याची आली. जुन्या वस्तू जमवणारे लोक आजही त्या पुठ्ठ्याच्या टोपीवरून गोळ्याचे साल ओळखतात.

लाउशाच्या मुलांच्या हातातले काम यंत्राने घेतले. अमेरिकन मुलांच्या हातात ते दुसऱ्या वाटेने आले, आणि योगायोग असा की ती वाटही थुरिंगियातूनच निघते. लाउशापासून काही मैलांवरच्या ओबरवाइसबाख गावी १७८२ साली फ्रीडरिश फ्रोबेलचा जन्म झाला. १८४० साली त्याने आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागद मोडणे, कापणे, टोचणे, विणणे, मातीकाम ही त्याच्या पद्धतीतली ‘कामे’. मुलाने काही तयार करावे ते विकण्यासाठी नव्हे, तर आकार आणि प्रमाण हातातून डोक्यात जावे म्हणून, हे त्याचे म्हणणे. शेजारच्या डोंगरात मुले पोटासाठी काचेच्या कामात राबत असताना हे म्हणणे मांडले गेले, हे लक्षात घेतले की त्यातला धीटपणा कळतो. प्रशियाच्या सरकारला तो पसंत पडला नाही आणि १८५१मध्ये त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली, ती १८६०पर्यंत टिकली. तोवर पद्धत अमेरिकेत पोचली होती. मार्गारेटे शुर्झने १८५६मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला जर्मन भाषेतला वर्ग काढला, एलिझाबेथ पीबडीने १८६०मध्ये बोस्टनला इंग्रजीतला, आणि १८७३मध्ये सुझन ब्लोने सेंट लुइसमध्ये पहिला सरकारी बालवर्ग सुरू केला. फ्रोबेलच्या नावाने ओळखली जाणारी, चार पट्ट्या विणून केलेली कागदी चांदणी आजही झाडावर असते. ती मात्र चार वर्षांच्या मुलाचे काम नाही, नऊ-दहा वर्षे तरी वय हवे.

चांदणीची आणखी एक परंपरा शाळेतूनच आली. मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या जर्मनीतल्या नीस्की येथील शाळेत १८३०च्या दशकात भूमितीच्या तासाला मुलांकडून अनेक टोकांची कागदी चांदणी करून घेत आणि तिच्या आत दिवा ठेवत. याच पंथाच्या लोकांनी पेनसिल्व्हेनियात १७४१च्या नाताळच्या आदल्या रात्री बेथलेहेम या गावाला नाव दिले होते. आयसेलिनहून ते मोटारीने तासा-दीड तासावर आहे. तिथे डिसेंबरात ही चांदणी जागोजागी ओसरीत लटकते. मराठी डोळ्यांना ती आकाशकंदिलाची चुलतबहीण वाटते, आणि कृतीच्या दृष्टीने ती तशी आहेही. घडीचे कागदी शंकू करायचे, खळीने एकमेकांना जोडायचे, आत दिवा सोडायचा. फक्त झिरमिळ्या नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर आयसेलिन बदलले. टर्नपाइक आणि गार्डन स्टेट पार्कवे हे दोन मोठे रस्ते १९५०च्या दशकात वुडब्रिजमधून गेले, शेतांच्या जागी छोट्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि शाळा मुलांनी भरल्या. आज ज्याला मुलांची नाताळ-कारागिरी म्हणतात, तिचे साहित्य याच काळात ठरले. क्रेयॉन डेलावेअर नदीपलीकडच्या ईस्टनमधून १९०३पासून येत होते. १९५१मध्ये पांढरा ‘एल्मर्स’ डिंक बाजारात आला. तो विषारी नव्हता, म्हणून शिक्षिकांनी उचलून धरला. चमकी तर न्यू जर्सीचीच. बर्नार्ड्सव्हिलच्या हेन्री रुशमनने १९३४च्या सुमारास भंगार पत्रे आणि प्लॅस्टिक बारीक कापायचे यंत्र वापरून तिचे उत्पादन सुरू केले, आणि आयसेलिनपासून फार लांब नसलेल्या क्रॅनफर्डमध्ये आजही चमकीचा मोठा कारखाना आहे. ती एकदा सतरंजीत गेली की पुढच्या नाताळापर्यंत निघत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

साहित्य नेहमीच निर्धोक होते असे नाही. १९३०-४०च्या दशकांत झाडावर भुरभुरायचा ‘बर्फ’ म्हणून अ‍ॅस्बेस्टस विकत, कारण तो जळत नाही. फांद्यांवरून सोडायच्या चंदेरी दोऱ्या शिशाच्या असत. लहान मुले त्या तोंडात घालतात हे लक्षात घेऊन सरकारी यंत्रणेने १९७२च्या सुमारास त्यांना आळा घातला. आता त्या प्लॅस्टिकच्या असतात.

वर्गात आणि घरात जे प्रकार टिकले ते वयानुसार आपोआप वेगळे झाले. तीन वर्षांच्या मुलाला चिकटवता येते, कापता येत नाही, म्हणून त्याला कापलेल्या पट्ट्या देऊन साखळी करायला लावतात. चार-पाच वर्षांचे मूल मोठे मणी, मॅकरोनी किंवा पेंढ्याचे तुकडे ओवते. मिठाचे पीठ दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी एवढ्यात होते. पोळीच्या कणकेपेक्षा ते घट्ट मळायचे, पाव इंच जाड लाटायचे, साच्याने कापायचे आणि दोरा घालायचे भोक आधीच पाडायचे. नंतर पाडायला गेले की तुकडा पडतो. मंद भट्टीत दोन-तीन तास ठेवले की ते दगडासारखे होते. मीठ हवेतले पाणी ओढते, आणि न्यू जर्सीचा उन्हाळा दमट असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी रोगण लावले नाही तर पुढच्या डिसेंबरात डब्यातून लगदा निघतो. तळहात उमटवून मागे साल लिहायची पद्धत याच वस्तूने पाडली. वस्तूवर साल आले आणि ती फेकून द्यायची सजावट न राहता घराची नोंद झाली. काचेचा गोळा फुटला तर दुसरा आणतात. १९८६चा तळहात दुसरा आणता येत नाही.

सरकारी शाळांत या कामाला कायद्याची चौकट पडली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३च्या निकालांत शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबवले. १९८९मध्ये पिट्सबर्गच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कोर्टाच्या इमारतीतला ख्रिस्तजन्माच्या गोठ्याचा देखावा नामंजूर केला, पण दुसऱ्या एका सरकारी इमारतीबाहेरचे झाड आणि त्याशेजारचा ज्यूंचा दीपवृक्ष चालेल असे ठरवले. न्यू जर्सीत हा वाद जर्सी सिटीच्या नगरभवनासमोर रंगला. तिथल्या गोठ्याजवळ हिममानव, सांताक्लॉज आणि घसरगाडी ठेवल्यावर तो देखावा १९९९मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मान्य केला. हिममानवाने धर्म सौम्य होतो, हा तर्क विनोदी वाटला तरी शाळांनी त्यावरूनच आपली वाट आखली. बेथलेहेमचा तारा आणि देवदूत मागे पडले. बर्फाची कणी, हातमोजा, आल्याच्या बिस्किटाचा माणूस पुढे आले. वर्गात ज्यू, मुसलमान, हिंदू मुले असताना शिक्षिकेला यापेक्षा सोपा मार्ग नव्हता. गोठा आणि देवदूत रविवारच्या चर्चशाळांत राहिले.

आयसेलिनच्या वर्गांत हिंदू मुले आली ती १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर. पहिल्या पिढीत डॉक्टर आणि इंजिनिअर होते. ओक ट्री रोडवरची ओस पडत चाललेली दुकाने भारतीय व्यापाऱ्यांनी भरली ती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदीत, आणि त्याच सुमारास संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांमुळे पुण्या-मुंबईकडच्या तरुण कुटुंबांची संख्या वाढली. घरात झाड बहुधा मुलांमुळे आले. शाळेतून आणलेली काड्यांची चांदणी टांगायला काहीतरी हवे, म्हणून आधी कुंडीतल्या रोपावर, मग प्लॅस्टिकच्या छोट्या झाडावर. त्यात धर्मांतराचा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही, कारण न्यायालयांनीही झाड हे ऋतूचे चिन्ह मानलेच होते.

या पालकांजवळ मात्र हस्तकलेची आपली शिदोरी होती. महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला दिवाळीआधी आकाशकंदील करून घेत. बांबूच्या कामट्या किंवा पुठ्ठ्याचा सांगाडा, पतंगाचा कागद, घोटीव कागदाच्या करंज्या, मैद्याची खळ, खाली झिरमिळ्या. त्यामागेही बालशिक्षणाची परंपरा होती. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५पासून बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती यांतून बालवाडी उभी केली. त्या बालवाडीत वाढलेली पद्धत आणि फ्रोबेलची पद्धत आयसेलिनच्या एकाच स्वयंपाकघराच्या टेबलावर भेटतात, तेव्हा त्यांना परस्परांची ओळख पटायला वेळ लागत नाही. पाइनची बोंडे रंगवून चमकी लावणे हा अमेरिकन प्रकार आणि आंब्याच्या कोयीचा उंदीर करणे हा कोकणातला उद्योग यांत जातीचे अंतर नाही.

कोकणपट्टीत नाताळची सजावट मुलांकडून होते ती वसई आणि गोव्यात, आणि तिथे झाडापेक्षा गोठ्याचे महत्त्व अधिक. गोव्यात मुले कामट्या आणि रंगीत कागदाचे ‘नखेत्र’, म्हणजे चांदणीचा कंदील, करतात, आणि गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी आधीच पेरून ठेवतात. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरणाऱ्या पुण्याच्या मुलांचेही हेच तंत्र. वसईच्या गावांत गोठ्यांच्या स्पर्धा असतात. तिथून न्यू जर्सीत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना झाड परके नाही. परकी वाटते ती गोठ्याशिवाय झाड लावण्याची रीत.

दिवाळी आणि नाताळ यांत सहा ते दहा आठवड्यांचे अंतर असते. ओक ट्री रोडवर पणत्या, तोरणे आणि कंदील ऑक्टोबरपासून मिळतात, आणि त्या भागातल्या बऱ्याच घरांत दिवाळीच्या दिव्यांच्या माळा जानेवारीपर्यंत उतरत नाहीत. ‘मराठी विश्व’सारख्या संस्था आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा दिवाळीच्या निमित्ताने मुलांकडून कंदील करून घेतात. उरलेला कागद, बेगड आणि सुतळी डिसेंबरात कामाला येते. मोठा कंदील झाडावर जात नाही, पण बोटभर उंचीचे, एकाच कागदाला चिरा पाडून गुंडाळलेले छोटे कंदील जातात. हा प्रकार अमेरिकन बालवर्गातही पूर्वीपासून आहे, फक्त तिथे त्याला झिरमिळ्या लावत नाहीत. मराठी घरातून शाळेत गेलेल्या कंदिलाला त्या असतात.

गेल्या दहा वर्षांत साहित्य पुन्हा बदलू लागले आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर सूक्ष्म प्लॅस्टिकच्या नियमाखाली निर्बंध आणले, आणि कारखान्यांनी लाकडाच्या लगद्यापासून केलेली, कुजणारी चमकी त्याआधीच काढायला सुरुवात केली होती. न्यू जर्सीतल्या नगरपालिका जानेवारीत खऱ्या झाडांचा भुगा करून उद्यानांत टाकतात, पण फांद्यांवर चमकी, प्लॅस्टिकचे दोरे किंवा तारा राहिल्या असल्या तर झाड घेत नाहीत. त्यामुळे कागद, लाह्या, वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या, दालचिनीच्या काड्या आणि सुती दोरा यांना वर्गात पुन्हा मागणी आली आहे. संत्र्याची चकती पाव इंच जाडीची कापून टिपकागदाने कोरडी करतात आणि मंद भट्टीत तीन-चार तास उलटसुलट वाळवतात; चिकटपणा राहिला तर तिला बुरशी धरते. १६०५च्या स्ट्रासबुर्गच्या नोंदीतल्या वस्तूंपैकी कागद आणि फळे अशा रीतीने वर्गात परत आली आहेत. पातळ बिस्किटे मात्र आली नाहीत, कारण शेंगदाणे-बदामाच्या अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच शाळा घरचा खाऊ वर्गात येऊ देत नाहीत.